सीडीच्या पाठीवरचं नाव

दौंडच्या डॉक्टरने माझ्या डोक्याचा फोटो पडद्यावर लावला आणि खुर्ची ओढून पुढे वाकला. बोलका माणूस होता. आत आल्याआल्या गाव कुठलं, पाऊस कसा आहे, सगळं विचारून झालं होतं. तो गप्प बसला तशी मी खुर्चीचा हात धरला.

काळ्या फोटोत एक पांढरा डाग होता. डॉक्टर त्याच्याभोवती बाण फिरवत होता.

"आजी, याआधी कधी डोक्याचा स्कॅन झाला होता?"

"झाला व्हता. गाडीवरनं पडले तवा."

माझ्याबरोबर सून होती. ती म्हणाली, "धाकट्या वन्संच्या लग्नाच्या आधी. झाली की बरीच वर्षं."

"तेव्हा ही गाठ दिसली होती?"

"दिसली व्हती," मी म्हटलं. "ते डॉक्टर म्हणले, बारकी हाय, हात लावू नका, नुसतं ध्यान ठेवा."

डॉक्टर सरळ होऊन बसला. "मग तो जुना फोटो मला पाहिजे. आणाच." आणि त्याने समजावून सांगितलं. गाठ तेव्हाएवढीच असली तर ती झोपलेली आहे, तिला उठवायचं नाही. वाढली असली तर डोकं उघडावं लागेल आणि लवकर उघडावं लागेल, कारण ती डोळ्याच्या नसेला टेकून बसली आहे. आणखी वाढली तर नजर जाईल. "पोरगं वाढतंय की नाही हे एका फोटोवरून कळतं का? दोन लागतात. आज माझ्याकडे एकच आहे."

हे मला पटलं. डॉक्टरचं बोलणं मला एकदम पटलं असं फार वेळा झालेलं नाही.

मी गेले होते ती डोळ्यासाठी. डावीकडच्या कडेचं दिसेनासं झालं होतं. चौकटीला खांदा लागायचा. शेजारीण डाव्या अंगाने येऊन बोलली की मी दचकायचे. मला वाटलं मोतीबिंदू पिकला असेल. शिरूरच्या डोळ्याच्या डॉक्टरने बघितलं आणि म्हणाला, मोतीबिंदू नाही, डोळ्यात काहीच नाही, डोक्याचा फोटो काढा. डोळ्यात काहीच नाही हे ऐकून सून खूश झाली. मी झाले नाही.

माझं माहेर वडगाव रासाईचं, मेंढरंवाल्यांचं. आता सगळे शेती करतात, पण माझ्या लहानपणी घरात कळप होता. मेंढीच्या डोक्यात कधी कधी पाण्याचा फोड होतो. मग ती कळपातून बाजूला पडते आणि एकाच अंगाने गोल गोल फिरत राहते. पुढ्यात चारा टाकला तरी फिरते. वडील अशी मेंढी गुडघ्यात धरायचे आणि तिच्या कपाळाचं हाड अंगठ्याने दाबून बघायचे. हाड मऊ लागलं की तिथून फोड कापून काढायला म्हणायचे, सुरी आण. मी चौथीपर्यंत शाळा शिकले, पण सुरी आणायचं काम मला त्याआधीपासून होतं. दौंडहून येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून माझं कपाळ दाबून बघितलं. कडक होतं. त्यावरून काही कळत नाही हेही मला माहीत होतं.

जुन्या फोटोचा कागद आमच्याकडे नव्हता. तो त्या वेळच्या डॉक्टरने आपल्या फायलीत ठेवून घेतला होता. तो डॉक्टर वारला, दवाखाना उठला, तिथे आता बाथरूमच्या फरश्यांचं दुकान आहे. जिथे फोटो काढला तिथे सुनेने फोन करून बघितला. ते म्हणाले, इतकी जुनी रेकॉर्डं आम्ही ठेवत नाही, तुम्हाला तेव्हा सीडी दिली असेल.

सीडी दिली होती. ती घरात होती आणि जिथे ठेवली होती तिथेच होती, कारण ती माझ्या नवऱ्याने ठेवली होती.

आमच्या मालकांचा स्वभाव असा की वस्तू हरवता कामा नये. आमच्याकडे स्टीलचं भांडं घेतलं की दुकानदार त्यावर नाव घालून देतो. टोकदार सुईचं विजेचं यंत्र असतं, टर्रर्र आवाज करत ते अक्षरं कोरतं. लग्नाकार्यात भांडी या घरची त्या घरी जातात, नावामुळे परत येतात. मालकांनी हे फार मनावर घेतलं. भांड्यांवर तर नाव घातलंच, पण घमेल्यावर, विळीच्या पात्यावर, बॅटरीवर, पेटीच्या कुलपावरही घातलं. शेजारीण मला म्हणायची, "तुझ्या कपाळावर कसं न्हाई घातलं गं?" मी म्हणायचे, "यंत्र तिथवर पोचलं न्हाई अजून."

धाकटीच्या लग्नाची भांडी घ्यायला आम्ही शिरूरला गेलो तेव्हा ते सीडी बरोबर घेऊन आले होते. भांड्यांवर नावं घालून झाली आणि त्यांनी खिशातून ती काढली.

दुकानदार हसला. "आबा, ह्ये भांडं न्हाई."

"म्हाईत हाय मला. दवाखान्यात असल्या ढीगभर असत्यात. आदलाबदल झाली तर दुसऱ्या कुणाचं डोकं हिच्या नावावर लागंल."

"चमकतीया त्या अंगाला घालू?"

"खुळा का काय तू? फोटू तिकडं हाय. पाठीवर घाल. आन् मधल्या भोकाच्या कडंनं घाल, गोल, म्हंजी झाक दिसंल."

दुकानदाराने माझं नाव भोकाभोवती गोल घातलं. अक्षरं चांगली आली होती. दुकानात आणखी माणसं होती, त्यातल्या एकाने मान डोलावली. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

तीच सीडी आता सुनेने पेटीतून काढली. चमकती बाजू आरशासारखी स्वच्छ होती. मालक म्हणाले, "बघा. एक वरखडा न्हाई. ह्याला म्हणत्यात ठेवणं."

माझा मुलगा सणसवाडीच्या कंपनीत आहे. त्याचा लॅपटॉप घरी होता. सुनेने तो एका बाजूने बघितला, दुसऱ्या बाजूने बघितला, मग उलटा करून बघितला.

"आत्या, ह्याला सीडीचं तोंडच न्हाई."

"तोंड न्हाई म्हंजी?"

"सीडी घालायची जागाच न्हाई. पापडावानी पातळ हाय, घालणार कुठं?"

मुलगा फोनवर म्हणाला, नव्या कुठल्याच लॅपटॉपला आता ते येत नाही. बाहेरून जोडायचं यंत्र मिळतं, पण कंपनीच्या लॅपटॉपला बाहेरचं काही जोडता येत नाही, लगेच बंद पडतो आणि वरून विचारणा होते. सुनेने दौंडच्या दवाखान्यात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, आमच्याकडे पण ड्राइव्ह नाही, पेन ड्राइव्हमध्ये घालून आणा. दवाखान्यांनीच सीड्या वाटल्या आणि आता दवाखाना म्हणतो आम्हाला ती उघडता येत नाही. मी सुनेला म्हटलं, पुन्हा विचार, तुला नीट ऐकू आलं नसेल. नीट ऐकू आलं होतं.

आम्ही शिरूरला गेलो. आमच्या निमोण्याहून निघताना वाटेत डाळिंबाची बाग लागते. तिथे फांद्याफांद्यांना सीड्या टांगल्या होत्या, दोऱ्याने. उन्हात फिरतात, लखलखतात, पाखरं भितात. लग्नाच्या असतील, बारशाच्या असतील, कोणा पोराच्या शाळेतल्या असतील. गावात सीड्या पुष्कळ आहेत. त्या वाचणारं यंत्र गेलं आणि हे कोणी दवंडी देऊन सांगितलं नाही. मी पदराखालची सीडी चाचपून बघितली. मला त्या बागेकडे बघवेना, मी पुढचा रस्ता बघत बसले.

शिरूरला फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत, रांगेने. पहिल्या दुकानदाराने मान हलवली. दुसऱ्याने पण. तिसऱ्याकडे कॉम्प्युटरचा एक जुना डबा होता, त्याला तोंड होतं. त्याने बटण दाबलं. तबक अर्धं बाहेर आलं, त्यावर मुंग्यांनी आणलेली माती होती, आणि ते तिथेच अडकलं. आत जाईना, बाहेर येईना.

"आता कोण आणतंय सीडी, आजी," तो म्हणाला. "ह्ये नुसतं दाखवायला तोंड राह्यलंय."

"माझं डोकं हाय त्याच्यात," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी गंमत करते. सुनेने त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने दुकानातलं गिऱ्हाईक थांबवून ठेवलं आणि मिशनच्या बाजूला राहणाऱ्या एका रिटायर शिक्षिकेचा पत्ता सांगितला. त्यांच्या घरी जुना कॉम्प्युटर चालतो, रोज लावतात, असं म्हणाला.

बाई माझ्याच वयाच्या. ख्रिस्ती, एकट्या राहतात, शाळेतल्यासारखं स्वच्छ बोलतात. कॉम्प्युटरवर विणलेला रुमाल होता. त्यांनी आम्हाला बसवलं, काम ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी माझी लावून बघू. यंत्राची खात्री झाली की मग तुमची."

त्यांची सीडी आत गेली, यंत्र गुरगुरलं आणि गाणं सुरू झालं. चर्चमधली भजनं होती, पुरुषांचे आवाज. मधेच कोणीतरी खोकललं.

"तो खोकला माझ्या मिस्टरांचा," बाई म्हणाल्या. "ते गेले. म्हणून हा डबा मी भंगारात दिला नाही."

दुसऱ्याच्या नवऱ्याच्या खोकल्यावर काय बोलायचं?

मग बाईंनी माझी सीडी घेतली, मऊ फडक्याने चमकती बाजू पुसली आणि आत घातली. यंत्र फिरू लागलं. आवाज चढत गेला, चढत गेला आणि एकदम उतरला. थोडं थांबलं. टक, टक असं वाजलं. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. सून पडद्याला नाक लावून बसली होती.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"म्हणतंय, डिस्क घाला."

"घातलीया की."

"घातलीये हे त्याला कळत नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी बाहेर काढून पुन्हा घातली. पुन्हा तेच. आत सीडी आहे, ती फिरते आहे, आणि यंत्र म्हणतं आहे सीडी घाला. बाहेर काढली तेव्हा गरम झाली होती, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी. बाई ती घेऊन खिडकीपाशी गेल्या आणि उजेडाकडे धरली. मग त्यांनी माझं नाव वाचलं, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट, हजेरी घेतात तसं. मी नकळत "हजर" म्हणणार होते.

"इकडे या," त्या म्हणाल्या.

मी गेले. त्यांनी सीडीची चमकती बाजू माझ्याकडे केली. पाठीवर कोरलेलं माझं नाव इकडून उलटं दिसत होतं, आणि प्रत्येक अक्षरातून खिडकीतला उजेड आरपार येत होता.

"हे कोणी कोरलं?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मालकांनी कोरून घेतलं. हरवू नये म्हणून."

बाजारपेठेत एक फोटो स्टुडिओवाला आहे, पूर्वी लग्नाच्या सीड्या करून द्यायचा. शेवटची खात्री म्हणून बाई आमच्याबरोबर त्याच्याकडे आल्या. त्याने एकदाच बघितलं.

"मावशी, समद्यांचा हाच समज असतो. लोकांस्नी वाटतं फोटो चमकणाऱ्या बाजूला असतो. त्या बाजूला जाड प्लॅस्टिक असतं, तिथं वरखडा पडला तर एक वेळ चालतो. असतं ते समदं पाठीच्या रंगाखाली, कांद्याच्या सालीएवढं पातळ. सुई तिथनं आरपार गेलीया."

"बाकीची तरी वाचता येईल का?" बाईंनी विचारलं. "नाव थोड्याच जागेत आहे."

"तीच जागा वंगाळ. यंत्र आतल्या भोकाकडनं वाचायला लागतंय. कुठं काय ठिवलंय ते तिथंच लिवलेलं असतंय. नाव बाहेरच्या कडंला असतं तर काहीतरी करून बघितलं असतं." त्याने सीडी पाकिटात घातली आणि दोन्ही हातांनी परत दिली. "ज्यानं कोरलं त्यानं लई निगुतीनं कोरलंय."

घरी आलो तेव्हा मालक ओट्यावर बसले होते.

"दिसलं का?"

सून आत निघून गेली. मग मीच सांगितलं. असलं आडून सांगायची मला सवय नाही.

"न्हाई दिसलं. तुमी नाव घातलं त्यानं सीडी गेली."

"मी पाठीवर घालाय लावलं व्हतं."

"पाठीलाच समदं असतंय म्हणं."

ते म्हणाले, "कोण म्हणतंय?"

"फोटोवाला म्हणतोय. आन् आमी डोळ्यानं बघितलं. उजेड येतोय आरपार."

ते उठले, गोठ्याकडे गेले आणि म्हशीपाशी नुसते उभे राहिले. चारा टाकला नाही, पाणी दाखवलं नाही. मी त्यांना समजावायला गेले नाही. काय समजावणार होते? तुमचं चुकलं नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं, आणि चुकलं म्हणायची गरज नव्हती. जेवायला बसले तेव्हा ताटाच्या काठावरचं नाव बोटाने झाकून बसले होते. मग एकदम म्हणाले, "उद्याच दौंडला जाऊ. कापून टाकाय सांगू. वाढली का न्हाई बघत बसायचंच कशाला?"

सून म्हणाली, "मामा, डोकं हाय ते. गळू न्हाई."

"आन् डोळा गेला म्हंजी?"

"आन् डोकं उघडून आत्या उठल्याच न्हाईत म्हंजी?"

दोघं भांडत राहिले. जणू मी तिथे नव्हतेच. शेवटी मी म्हटलं, "डोकं माझं हाय. आधी भाकरी खावा."

दौंडच्या डॉक्टरला आम्ही सीडी दाखवली. त्याने ती उजेडाकडे धरली, नाव वाचलं, आणि हसला नाही याबद्दल मी त्याला मानते. तो म्हणाला, "मग आता माझ्याकडचा हाच फोटो पहिला धरायचा. तीन महिन्यांनी दुसरा काढू आणि ताडून बघू."

"आन् तवर वाढत असली तर?"

"तर तेवढी नजर जाईल. गेलेली परत येत नाही."

"आजच कापली तर?"

"झोपलेली असेल तर उगाच उघडल्यासारखं होईल. तुमचं वय बघता त्यात धोका मोठा आहे. मधल्या काळात नजर आणखी कमी वाटली तर तीन महिने थांबू नका, लगेच कळवा. आता तुम्ही ठरवा."

मालक तोंड उघडणार होते, मी त्यांच्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थांबते."

मला शूर वगैरे कोणी समजू नये. कळपातली ती मेंढी मी हाताने धरलेली आहे. सुरी लागायची वेळ आली तर लागेल, पण हाड मऊ आहे की नाही हे न बघता वडीलसुद्धा सुरी मागत नव्हते.

काउंटरवरच्या मुलीने सुनेच्या फोनवर हा नवा फोटो पाठवला. लिंक म्हणतात त्याला. सुनेने विचारलं, "ही कवापर्यंत उघडंल?"

"थोडे दिवस चालते, मग आपोआप बंद होते. तोवर उतरवून घ्या."

मी म्हटलं, "मला फिल्म दे. काळी, मोठी असते ती."

"आजी, फिल्म आता कोणी घेत नाही. सगळं मोबाइलवरच असतं."

"मी घेते."

"मशीन दुसऱ्या मजल्यावर आहे, माणूस जागेवर नसतो."

"येऊ दे त्याला. मी बसते इथं."

मी बसले. तो माणूस आला, त्याने फिल्म काढून दिली. ती घरी गादीखाली सपाट ठेवली आहे. मालकांनी तिला हात लावलेला नाही. सुनेने फोटो मोबाइलमध्ये उतरवला, मुलाने आणखी दोन ठिकाणी ठेवला म्हणे. मी कशावर विश्वास ठेवू हे मला कळत नाही. आज जे यंत्र हे उघडतं ते किती दिवस राहणार हे त्या मुलीला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. फिल्मला यंत्र लागत नाही, खिडकी लागते.

तीन महिने नुसतं बसून काढणं मला जमणारं नव्हतं. आमच्या ओट्यावरून रस्ता दिसतो आणि रस्त्याच्या कडेने विजेचे खांब टेकाडापर्यंत गेलेले दिसतात. रोज सकाळी मी उजवा डोळा तळहाताने झाकायचे आणि समोरच्या बाभळीकडे बघायचे. बाभळीवरून नजर न हलवता डावीकडचे खांब दिसतात का बघायचं. पहिल्या दिवशी टेकाडाच्या पायथ्याचा खांब डाव्या कडेला दिसत होता. पुढेही बरेच दिवस दिसला. मग एका सकाळी तो सापडेना.

सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, तुमी हुभं राह्यची जागा हलली असंल. धुकं पण हाय आज."

तसं असू शकतं. म्हणून मी तिच्याकडून ओट्यावर माझ्या पावलांभोवती खडूने रेघा ओढून घेतल्या. धुकं विरेपर्यंत थांबले. पावलं रेघांच्या आत ठेवली, डोळा झाकला, बाभळीकडे बघितलं. मालक टेकाडाच्या पायथ्याशी त्या खांबाला हात लावून उभे होते, मीच पाठवलं होतं. सून म्हणाली, "मामा हात हलवत्यात बघा."

मला टेकाडाची उजवी बाजू दिसत होती. खांब दिसत नव्हता आणि माणूसही दिसत नव्हता.

सुनेने तिथल्या तिथे दौंडला फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मी तिला म्हटलं, लावत राहा. आणि मालकांना हाक मार, उन्हात उगाच हात हलवत उभे आहेत.